करारापासून अभ्यासपत्रिकेपर्यंत : प्रौढ शिक्षणाच्या पदवीत तुलना आणताना

प्रौढ व निरंतर शिक्षणाच्या पदव्युत्तर पदवीत ‘आंतरराष्ट्रीय घटक’ असावा, अशी सूचना अभ्यासक्रमाच्या फेररचनेच्या वेळी आमच्या अभ्यास मंडळापुढे आली, तेव्हा तिला कोणीही विरोध केला नाही. आणि ज्या सूचनेला कोणाचाच विरोध नसतो, तिचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावलेला असतो. प्रशासनाला त्यात सामंजस्य करार दिसत होता, काही सहकाऱ्यांना परदेशवारी, तर विद्यार्थ्यांना प्रमाणपत्रावरचे परक्या विद्यापीठाचे नाव. हा विषय मी गोव्यात बरीच वर्षे शिकवते आहे आणि माझ्या मनात यांपैकी काहीच नव्हते. इथे प्रौढ माणसे काय शिकतात, कोणाकडून शिकतात आणि कशाच्या बळावर शिकतात, हे आमचे विद्यार्थी इतके गृहीत धरतात की त्याविषयी त्यांना प्रश्नच पडत नाहीत. हे सगळे एखाद्या त्रयस्थाला समजावून सांगण्याची वेळ त्यांच्यावर आली, तर निदान ते प्रश्न विचारायला लागतील, एवढीच माझी अपेक्षा होती.

पहिला विचार अर्थातच संयुक्त पदवीचा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी परदेशी संस्थांबरोबर ट्विनिंग, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी असे तीन मार्ग मोकळे केले आहेत. भारतीय संस्थेला नॅक या मूल्यांकन परिषदेचे किमान ३.०१ गुणांकन असेल, किंवा ती राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभर विद्यापीठांत असेल, आणि परदेशी संस्था जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारांत असेल, तर आयोगाची पूर्वपरवानगीही लागत नाही. हे सर्व वाचून मंडळातील काही सदस्य उत्साहात आले. परंतु संयुक्त पदवीत प्रत्येक संस्थेकडून किमान ३० टक्के श्रेयांक (क्रेडिट) मिळवावे लागतात आणि ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीचे अभ्यासक्रम या विनियमांच्या कक्षेत येत नाहीत. दोन वर्षांच्या ८० श्रेयांकांच्या पदवीचे ३० टक्के म्हणजे २४ श्रेयांक, म्हणजेच एका सत्राहून अधिक काळ परदेशात राहणे आले. आमच्या वर्गात बसते कोण, हे एकदा आठवून पाहिले की या हिशेबाचा निकाल लागतो. अंगणवाडीची पर्यवेक्षिका, पंचायतीतला कारकून, वाचनालयाचा सहायक, बचत गटांचे काम पाहणारी कार्यकर्ती, निवृत्तीनंतर पुन्हा शिकायला आलेले एक शिक्षक. प्रौढ शिक्षण शिकायला येणारे बहुतेक जण स्वतःच संसारी प्रौढ असतात, आणि त्यांना सहा महिने रजा कोण देणार? त्या पदवीचा लाभ वर्गातल्या एखाददुसऱ्याला झाला असता आणि बाकीच्यांनी त्याचे सत्कार केले असते.

म्हणून आम्ही पदवीला हात न लावता तिच्या आत चार श्रेयांकांची एक अभ्यासपत्रिका बसवायचे ठरवले. ती सर्वांना सक्तीची असावी, एक जर्मन आणि एक पोर्तुगीज विभाग तिच्यात सहभागी असावा, आणि प्रत्येक संस्थेने आपल्या विद्यार्थ्यांना आपलेच श्रेयांक द्यावेत, अशी तिची मांडणी होती. यासाठी डोळ्यांसमोर एक नमुना होता. जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग विद्यापीठात २०१४ पासून प्रौढ शिक्षणाच्या तुलनात्मक अभ्यासाचा हिवाळी अभ्यासवर्ग भरतो आणि दिल्लीतील विद्यापीठांचे विद्यार्थीही त्यात सहभागी होत आले आहेत. पुढे युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस निधीतून काही युरोपीय विद्यापीठांनी मिळून त्याला सामायिक अभ्यासघटकाचे रूप दिले. आधी ऑनलाइन तयारी, मग आपापल्या देशाविषयी लेखन आणि शेवटी निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांचे गट करून एकाच प्रश्नाची तुलना, हा त्याचा क्रम आम्हाला पटला. आम्ही त्यातला प्रवास वगळला आणि क्रम तेवढा घेतला.

कागदोपत्री सर्वांत जास्त वेळ श्रेयांकांनी खाल्ला. उच्च शिक्षणाच्या पद्धती जुळवून घेण्यासाठी युरोपीय देशांनी केलेल्या १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर युरोपात जी पद्धत रुजली, तीत पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम धरले जाते. हे काम म्हणजे वर्गातले तास, वाचन, लेखन आणि परीक्षेची तयारी असे सगळे मिळून. आपल्याकडे २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे १२०० तास आणि ४० श्रेयांक धरले आहेत, म्हणजे एका श्रेयांकाला ३० तास पडतात. त्यामुळे आमचे चार श्रेयांक १२० तासांचे आणि त्यांचे पाच श्रेयांक १२५ तासांचे, जवळजवळ सारखेच. तरीही ‘त्यांना पाच आणि आम्हाला चार का?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला, परीक्षा विभागाने विचारला आणि शेवटी मंडळाच्या बैठकीतही तो आलाच.

खरी अडचण पुढेच होती. आराखड्यात तास विद्यार्थ्याच्या श्रमाचे मोजले जात असले, तरी कार्यालयांच्या अंगवळणी पडलेला हिशेब तासिकांचा आहे. चार श्रेयांक म्हणजे साठ तासिका, वेळापत्रकात दाखवा, शिक्षकाची सही दाखवा. वाचनाचे किंवा गावात जाऊन माहिती गोळा करण्याचे तास दाखवायचे कुठे? अखेर आम्ही अभ्यासपत्रिकेचे दोन भाग पाडले. दोन श्रेयांक व्याख्यानाचे ठेवले, म्हणजे तीस तासिका आणि तेवढेच स्वयंअध्ययन. उरलेले दोन क्षेत्रकार्याचे, म्हणजे साठ तास. युरोपीय विभागांशी होणाऱ्या ऑनलाइन बैठका आम्ही तासिकांत मोजल्या आणि अहवालाचे लेखन क्षेत्रकार्यात. दोन्ही बाजूंच्या कार्यालयांनी तोच तक्ता वाचला आणि दोघांनाही तो आपल्याच पद्धतीचा वाटला, हे मला आजही मौजेचे वाटते.

दिनदर्शिका जुळवताना लक्षात आले की जगाचा नकाशा सोपा, सुट्ट्यांचा अवघड. जर्मनीतील हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात; त्या वेळी आमचे सत्र अर्धे सरलेले असते, चवथ होऊन गेलेली असते आणि दिवाळी तोंडावर असते. सायंकाळी साडेसहाची वेळ सर्वांना सोयीची निघाली, कारण तेव्हा आमचे नोकरदार विद्यार्थी मोकळे होतात. नोव्हेंबरात ती वेळ जर्मनीत दुपारचे दोन आणि पोर्तुगालमध्ये दुपारचा एक, म्हणजे ऐन जेवणाची. पोर्तुगीज विद्यार्थ्यांनी ती निमूटपणे मान्य केली याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. सत्तरी तालुक्यातल्या विद्यार्थ्यांना बैठक संपल्यावर पणजीहून वाळपईची बस मिळण्याची शाश्वती नव्हती, म्हणून त्यांनी घरूनच जोडून घ्यावे असे ठरले. त्यांच्यापैकी एक जण गावच्या देवळाच्या मंडपात बसून बोलत असे, कारण घरात नेटवर्क धरत नसे, आणि मागून घंटा वाजली की पलीकडचे विद्यार्थी हात हलवून हसत.

आता मूळ कामाकडे येते. तुलनात्मक शिक्षणशास्त्रात जॉर्ज बेरेडे यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या आजही शिकवल्या जातात. आधी वर्णन, मग अर्थनिर्णय, मग दोन देशांची माहिती एकाच चौकटीत शेजारी-शेजारी ठेवणे आणि सर्वांत शेवटी तुलना. वर्गात या पायऱ्या अर्ध्या तासात सांगून होतात. विद्यार्थी मात्र पहिल्या पायरीवरून थेट चौथीवर उडी मारतात.

आमची पहिली तुकडी या अभ्यासपत्रिकेला बसली, ती गोवा राज्य पूर्ण साक्षर जाहीर झाल्यानंतर. ३० मे २०२५ रोजी, घटक राज्य दिनी, ही घोषणा झाली होती आणि ९९.७२ टक्के हा आकडा विद्यार्थ्यांच्या ओठांवर होता. साहजिकच पहिल्या देश-अहवालाची सुरुवात त्याच आकड्याने झाली आणि जवळजवळ तिथेच त्याचा शेवट झाला. पुढचे वाक्य असे होते की, साक्षरतेचे काम पूर्ण झाल्यामुळे राज्यात प्रौढ शिक्षणाची निकड उरलेली नाही. अभ्यासक्रमच त्या विषयाचा असताना हे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या धैर्याचे मला कौतुक वाटले.

बैठकीत जर्मन विद्यार्थ्यांनी आपला आकडा सांगितला तेव्हा आमच्या बाजूला शांतता पसरली. हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या २०१८ च्या पाहणीनुसार जर्मनीत १८ ते ६४ वयोगटातील जर्मन बोलणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे ६२ लाख, म्हणजे १२.१ टक्के लोकांचे लेखन-वाचन कच्चे आहे. त्यांतले निम्म्याहून अधिक नोकरी करतात आणि निम्म्याहून अधिकांची मातृभाषा जर्मनच आहे. आमच्या एका विद्यार्थिनीने हळूच विचारले, “मॅडम, म्हणजे आपण जर्मनीच्या पुढे आहोत?” मी उत्तर दिले नाही, हा प्रश्न पुढच्या आठवड्याचे काम म्हणून गटाकडे सोपवला.

त्या आठवड्यात गटाने जे शोधून आणले, ते माझ्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाचे होते. आपली जनगणना सात वर्षांवरील व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून लिहू-वाचू शकते की नाही हे घरच्यांच्या सांगण्यावरून नोंदवते. २०११ मध्ये त्या मोजमापाने गोव्याची साक्षरता ८८.७० टक्के होती. ‘उल्लास’ म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील निरक्षरांना हेरून शिकवले जाते आणि त्यांची वाचन, लेखन व अंकज्ञान यांची मिळून दीडशे गुणांची चाचणी होते; ९५ टक्क्यांची पातळी ओलांडलेल्या राज्याला पूर्ण साक्षर म्हटले जाते. जर्मन पाहणीत मात्र माणसाच्या हातात प्रत्यक्ष मजकूर देऊन तो अक्षर, शब्द, वाक्य आणि सलग मजकूर यांपैकी कोणत्या पातळीपर्यंत पोहोचतो ते तपासले जाते, आणि ज्याला साधी वाक्ये वाचता येतात पण सलग मजकूर पेलत नाही, तोही कच्चा गणला जातो. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आणि तिन्ही वेगवेगळ्या गोष्टींचे. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेने मग स्वतःहून एक उपक्रम केला. आपल्या भागातील काही साक्षर महिलांना तिने बँकेचा केवायसीचा अर्ज आणि वीजबिलाच्या मागचा मजकूर वाचायला दिला. पुष्कळ जणींनी नाव आणि रक्कम वाचली आणि उरलेला मजकूर मुलीकडे सरकवला. हे निरीक्षण कोणत्याही राष्ट्रीय आकड्याला धक्का देत नाही, देऊही नये. पण सुधारित अहवालातून ‘निकड उरलेली नाही’ हे वाक्य गेले आणि त्या जागी दीड पानांचा मजकूर आला.

पोर्तुगालशी झालेली तुलना निराळ्या कारणाने रंगली. आमच्या गटात डिचोली आणि सत्तरीच्या खाणपट्ट्यातली मुले होती. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार मार्च २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा खनिज वाहतुकीचे ट्रक दारात उभे राहिले आणि ते चालवणारी, दुरुस्त करणारी माणसे घरी बसली. एकीच्या वडिलांनी वीस-बावीस वर्षे ट्रक चालवला होता. इंजिन खोलून परत जोडण्यात त्यांचा हातखंडा, शिक्षण मात्र आठवीपर्यंत. नव्या नोकरीच्या अर्जात त्यांच्या कौशल्याला कुठेच रकाना नव्हता. हे तिने सांगितले तेव्हा पोर्तुगीज विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडील पद्धत मांडली. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे प्रौढांनी अनुभवातून मिळवलेल्या क्षमता तपासून त्यांना प्रमाणित करण्याची व्यवस्था आहे. माणूस मार्गदर्शकाच्या मदतीने स्वतःच्या कामाचा आणि आयुष्याचा दस्तऐवज तयार करतो, परीक्षक मंडळापुढे तो मांडतो, आणि त्यातून त्याला नववी किंवा बारावीच्या तोडीचे शालेय प्रमाणपत्रही मिळू शकते. जे कमी पडते तेवढ्याचेच शिक्षण त्याला दिले जाते.

आमच्या विद्यार्थ्यांची पहिली प्रतिक्रिया ‘आपल्याकडे असे काहीच नाही’ अशी होती, आणि ती चुकीची होती. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत पूर्वज्ञानाच्या, म्हणजे आधीच अंगी असलेल्या कौशल्याच्या, मान्यतेची तरतूद आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून शाळा सुटलेल्यांना दहावी-बारावीची वाट देते आहे. पण पहिली वाट व्यवसायाचे प्रमाणपत्र देऊन थांबते आणि दुसरीत वीस वर्षांचा अनुभव बाजूला ठेवून पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागते. आपल्याकडे नाही तो या दोन वाटांना जोडणारा रस्ता. एवढा नेमका निष्कर्ष गटाने स्वतः काढला, आणि याच बैठकीनंतर या अभ्यासपत्रिकेबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. पोर्तुगीज विद्यार्थ्यांनीही आपली पद्धत गोंजारली नाही. कागद मिळाला तरी पगार वाढतोच असे नाही, ही त्यांच्याकडची टीका त्यांनी आपण होऊन सांगितली.

भाषेच्या बाबतीत मी थोडी हट्टाने वागले. बैठका इंग्रजीतच होणार हे उघड होते. पण इंग्रजीत झटपट बोलणाराच गटाचा प्रवक्ता होतो आणि क्षेत्रकार्यात सर्वांत जास्त राबलेली व्यक्ती कॅमेरा बंद करून बसते, हे पहिल्याच बैठकीत दिसले. म्हणून क्षेत्रकार्याची रोजनिशी मराठी किंवा कोकणीत लिहावी, गुण तिच्यावर द्यावेत आणि सामायिक अहवाल तेवढा इंग्रजीत असावा, असा नियम मी मंडळाकडून मंजूर करून घेतला. त्यावर ‘मग आंतरराष्ट्रीय काय राहिले?’ असा आक्षेप आला. जर्मन विद्यार्थीही आपल्या नोंदी जर्मनमध्येच ठेवतात, एवढे सांगितल्यावर तो मिटला.

गुणांचे त्रैराशिक मात्र आम्ही सोडवलेच नाही. जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण आणि ५ म्हणजे नापास, पोर्तुगालमध्ये शून्य ते वीसची श्रेणी, आमच्याकडे दहाची. निकष सामायिक ठेवायचे, दोन देशांच्या शिक्षकांनी अहवाल मिळून वाचायचा आणि गुण ज्याने त्याने आपल्या पद्धतीने द्यायचे, यावर आम्ही थांबलो.

हिवाळ्यात काही जर्मन विद्यार्थी स्वखर्चाने गोव्यात आले. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरीच त्यांनी राहावे अशी सर्वांची इच्छा होती. परंतु परदेशी पाहुणा घरी उतरला की यजमानाला चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते, आणि त्यासाठी आधी नोंदणी लागते. दोन घरांनी ती केली, बाकीच्यांनी पाहुण्यांना जेवायला बोलावले. समुद्रकिनारे त्यांनी आपले आपण पाहिले. आम्ही त्यांना डिचोली तालुक्यातल्या एका गावी भजनी वर्गाला नेले. रात्री आठनंतर, कामावरून आलेली माणसे मंडपात जमली. बुवा हार्मोनियमवर, पखवाजावर एक इलेक्ट्रिशियन, आणि झांज धरायला शिकणाऱ्यांत साठीचे एक निवृत्त पोस्टमन. बुवांनी एकाच अभंगाची एकच ओळ इतक्या वेळा म्हणवून घेतली की पाहुण्यांनाही ती पाठ झाली. कोणी चुकले की बुवा थांबत, चुकलेल्याकडे न पाहता ती ओळ स्वतः पुन्हा म्हणत आणि पुढे जात.

परतताना एका पाहुणीने विचारले की या वर्गाला पैसे कोण देते, शिक्षकाची निवड कोण करते आणि वर्ग सोडून जाणाऱ्यांची नोंद कोणी ठेवते का. आमच्या विद्यार्थ्यांकडे एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते, कारण भजनी वर्ग हा प्रौढ शिक्षणाचा भाग असू शकतो, हेच त्यांच्या अहवालात कुठे नव्हते. युनेस्कोच्या २०१५ च्या शिफारशीत प्रौढ शिक्षणाची तीन क्षेत्रे सांगितली आहेत: साक्षरता व मूलभूत कौशल्ये, निरंतर व व्यावसायिक शिक्षण, आणि समाजजीवनातून व सक्रिय नागरिकत्वातून होणारे शिक्षण. यांपैकी तिसरे क्षेत्र आम्ही दर वर्षी वाचून दाखवतो आणि उदाहरण म्हणून डेन्मार्कच्या लोकविद्यालयांचे नाव घेतो. भजनी वर्ग, जत्रेतल्या नाटकाच्या तालमी, गावोगावची वाचनालये यांचा अहवालात समावेश झाला तो त्यानंतर. आणि त्यांचा खर्च देवस्थान समिती, वर्गणी आणि सरकारी अनुदान यांत कसा वाटला जातो, याचा तक्ता पंचायतीतल्या कारकुनाने असा तयार केला की जर्मन प्राध्यापकांनी तो मागून घेतला.

उलट दिशेचा प्रवास मोजक्यांनाच जमला. शेंगेन व्हिसासाठी तीस हजार युरोंचा आरोग्य विमा लागतो, तो फारसा महाग पडत नाही. अडते ते बँकेच्या विवरणापाशी. ज्यांचे पैसे बचत गटात आणि भिशीत फिरत असतात, त्यांचे खाते रिकामेच दिसते. घरोघरी कोणी ना कोणी आखातात किंवा बोटीवर असलेल्या गोव्यात हे सांगताना विचित्र वाटते खरे, पण परदेशी नोकरीला जाण्याची वाट इथे जितकी रुळलेली आहे, तितकी परदेशी शिकायला जाण्याची नाही. म्हणूनच भेट ही ऐच्छिक आणि बिनगुणांची ठेवावी, या मूळ निर्णयावर मी ठाम आहे.

अभ्यासपत्रिका आता नियमित झाली आहे. खाणपट्ट्यातल्या त्या विद्यार्थिनीने प्रबंधिकेसाठी ट्रकचालकांच्या पूर्वज्ञानाची मान्यता हाच विषय घेतला असून, पोर्तुगालच्या विभागातील एका प्राध्यापिकेने सहमार्गदर्शन करण्याचे मान्य केले आहे. आमच्या नोंदणी अर्जात सहमार्गदर्शकासाठी रकाना आहे, पण त्यात राज्य आणि जिल्हा भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. तो रकाना बदलून मिळावा, अशी टिपणी आम्ही पुढच्या बैठकीसाठी पाठवली आहे. तोपर्यंत ती मुलगी वाळपई आणि साखळी या गावांतल्या गॅरेजांतून मुलाखती घेत फिरते आहे.